क्वेर्नावाकाची खानावळ

मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरवर क्वेर्नावाका आहे. मुंबईकरांचे जसे लोणावळे, तसे राजधानीतील सुखवस्तू कुटुंबांचे हे विश्रांतिस्थान. उंच भिंतींआड बंगले, बागा आणि पोहण्याचे तलाव. आम्ही मात्र गेलो ते तेथील कॅथेड्रलची भित्तिचित्रे पाहण्यासाठी. विसाव्या शतकात डागडुजी करताना भिंतींवरचा थर उतरवला, तेव्हा नागासाकीच्या २६ रक्तसाक्षींची चित्रे उजेडात आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेलेल्या त्या मंडळींत मेक्सिकोचे संत फेलिपे आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया सोबत होते. फेलिपे गुरुदीक्षेसाठी मनिलाहून स्वदेशी निघाले होते. वादळाने त्यांचे गलबत जपानला नेले.

दुपारी जेवण शोधले ते चौकातल्या झगमगाटापासून दूर, मागच्या गल्लीत. घरगुती खानावळीला तेथे ‘फोंदा’ म्हणतात. (आम्हां कोकणच्या माणसांना आधी फोंडाच आठवणार!) ठरलेल्या दरात सूप, भात, मिरचीचे झणझणीत कालवण, लाल अंबाडीचे आंबटगोड सरबत आणि मक्याच्या तोर्तिया. येणारा-जाणारा प्रत्येक जण अनोळखी जेवणाऱ्यांनाही ‘प्रोवेचो’ म्हणतो, म्हणजे अन्न अंगी लागो.

तव्याजवळ एक वृद्ध बाई तोर्तिया थापीत होत्या. पीठ कोरडे दळलेले नव्हे. मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवायचा, सकाळी धुऊन ओलाच वाटायचा. स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीची ही रीत. चुन्यामुळे मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. दक्षिण युरोपात मका पोहोचला, ही रीत पोहोचली नाही; तेव्हा केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा रोगाने ग्रासले. मिरची आपल्याला त्या खंडाने दिली, तांदूळ आणि कोथिंबीर तिकडे आपल्या बाजूच्या जगातून गेली. देवाणघेवाणीत शहाणपण मात्र बहुधा बंदरावरच राहून जाते.

सेमिनरीतल्या लॅटिनच्या आधाराने आम्ही तोडकेमोडके स्पॅनिश बोललो. पिशवीतले तयार पीठ घेतले तर पहाटेचे कष्ट वाचतात, असे बाई म्हणाल्या. पण जेवायला येतात ते त्या भिंतींआडच्या बागांचे माळी आणि घरकाम करणाऱ्या बाया, त्यांना फरक कळतो. २००७ मध्ये तोर्तियाचा भाव भडकला तेव्हा राजधानीत हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. २०२५ मध्ये तर जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला संविधानानेच बंदी घातली. बाईंची नात हॉटेलात खोल्या आवरते. तिला मका भिजवण्याची रीत शिकायची नाही, आणि बाई तिला दोषही देत नाहीत.

आमच्या आईच्या तांदळाच्या भाकरीविषयी आम्ही हातवारे करून सांगितले. तेव्हा बाईंनी विचारले, “आता तुमच्या गावी ती कोण थापते?” ज्या शेतांत तो तांदूळ पिकत असे त्यांतील काहींत आता रिसॉर्ट उभे आहेत, हे सांगण्याइतके स्पॅनिश आमच्याजवळ नव्हते. “विकत आणतो,” एवढेच म्हणालो. त्यांनी आणखी दोन तोर्तिया पानात टाकल्या.