सूचीत न लिहिलेले नाव

आमच्या आजोळी एक वाक्य लग्नाच्या आहेरासारखे पिढ्यांमधून पुढे येत राहिले: "नानांचे नाव मासिकात छापून आले होते." ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या, की अम्मी हमखास हा विषय काढायच्या. कोणते मासिक, कोणते साल, हे कुणालाच ठाऊक नव्हते. नाना मिरजेत तंबोरे करायचे. एका गवयाने त्यांच्या हातचा तंबोरा नेला आणि त्याची तारीफ मासिकात केली, एवढीच हकीकत. तो अंक कुणी पाहिला नव्हता; पण त्यावर शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. (घरात 'हम' म्हणत वाढलो, त्यामुळे लिहितानाही 'मी' सहजी येत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी संगीताचे एक निवृत्त प्राध्यापक शाळेत आले. त्यांच्याकडे एका जुन्या मराठी संगीत मासिकाचे वीस वर्षांचे बांधीव अंक होते. त्यातल्या लेखांची सूची करायची होती. मजकूर मराठी, पण मधूनमधून उर्दू नावे, बंदिशींचे बोल, उस्तादांच्या आठवणी. दोन्ही भाषांत वावरणारा माणूस त्यांना हवा होता. "मास्तर, पैसे फार नाहीत, चहापाण्यापुरते मिळतील," ते म्हणाले. आम्ही होकार दिला. खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे ते मासिक नव्हते; नाना होते.

सूची म्हणजे पुस्तकाच्या आरंभीची अनुक्रमणिका, एवढीच आमची समजूत होती. सरांनी पहिल्याच दिवशी ती मोडली. अनुक्रमणिका एका अंकापुरती असते. संशोधकाला मात्र अंक ठाऊक नसतो, विषय ठाऊक असतो. मिरजेच्या वाद्यांवर कुणी, कुठे, कधी लिहिले, असे त्याला विचारायचे असते. त्यासाठी शेकडो मासिके उलटायची तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून कुणीतरी आधी बसून प्रत्येक लेख वाचतो आणि तो कशाबद्दल आहे हे लिहून ठेवतो.

हे काम जगात मोठ्या प्रमाणावर चालते. 'म्युझिक इंडेक्स' ही संगीत नियतकालिकांची सूची अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९४९ साली सुरू झाली. १९६६ मध्ये बॅरी ब्रूक यांनी न्यूयॉर्कमध्ये 'रिल्म' सुरू केले. त्यात संगीतावरच्या लेखांची नुसती नोंद नसते, दोन-चार वाक्यांत सारांशही असतो. देशोदेशींच्या समित्या आपापल्या भाषांमधल्या नोंदी पाठवतात. मानव्यविद्यांमध्ये संगणकाची मदत घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या सूचींपैकी ती एक. १९८० मध्ये आलेल्या 'रिप्म'ने केवळ जुन्या संगीत नियतकालिकांचे काम हाती घेतले. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा १८०० सालापासूनची पुस्तके धुंडाळली. सरांचा बेत असा, की आमची सूची आधी इथल्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि मग त्यातल्या निवडक नोंदी बाहेरही पाठवाव्यात. ते म्हणायचे, "जे सूचीत नाही, ते शोधणाऱ्याच्या लेखी छापलेलेच नाही."

प्रत्येक लेखासाठी एक कार्ड. लेखक, शीर्षक, मासिकाचे नाव, वर्ष, अंक, महिना, पृष्ठे. खाली विषय आणि सारांश. दिसायला सोपे. पण पहिली अडचण तारखेचीच आली. बांधणाऱ्याने अंकांची मुखपृष्ठे काढून टाकली होती आणि काही ठिकाणी महिना फक्त शकात उरला होता. शके १८७३ चा चैत्र म्हणजे १९५१. पण त्याच शकातला माघ आला की इसवी सन १९५२ होते. शकात ७८ मिळवायचे की ७९, हे महिना बघून ठरवावे लागे. एक जोडअंक आम्ही दोनदा नोंदवला आणि सरांचे बोलणे खाल्ले.

दुसरी अडचण नावांची, आणि तीच सर्वांत मोठी. जुने लेखक आदराने नुसते 'खाँसाहेब' लिहितात. कोणते खाँसाहेब? किराण्याचे अब्दुल करीम खाँ, की जयपूरचे अल्लादिया खाँ? एकाचा मुक्काम मिरजेत, दुसऱ्यांचे कोल्हापूरशी जन्माचे नाते. दोघांचेही शिष्य लेख लिहिणारे. लेखात कोणता राग, कोणते गाव, कोणता शिष्य आला आहे ते पाहून ठरवायचे. तीच गत 'बुवा' या शब्दाची.

मग वर्णलेखन. फैयाज, फैय्याज, फय्याज: माणूस एकच, बडोद्याचे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ. 'करीम' रोमन लिपीत कुणी दोन 'ई' घालून लिहितो, कुणी एक 'आय' घालून. यंत्र बिचारे अक्षरच बघते. त्याच्या दृष्टीने हे वेगळे लोक. म्हणून एक रूप पक्के करायचे आणि उरलेल्या प्रत्येकापुढे 'पाहा' लिहून वाचकाला तिकडे पाठवायचे. आडनाव आधी लिहिण्याचा नियम तर आमच्या लोकांना मुळीच सोयीचा नाही. सगळे उस्ताद 'खान' या एका अक्षराखाली गोळा केले, तर बाजाराच्या दिवशीच्या एसटी स्टँडवर माणूस शोधण्यासारखे होते. तिथे मूळ नावाकडूनही वाट ठेवावी लागते.

एका संध्याकाळी आम्ही सरांना सांगितले, की उर्दूत नियतकालिकांच्या सूचीला 'इशारिया' म्हणतात. शब्द इशाऱ्यावरून आला आहे. बोट दाखवायचे, बस्स. सरांना शब्द फार आवडला. दुसरा शब्द 'फेहरिस्त'; जुन्या मराठी कागदांत तो 'फेरिस्त' होऊन भेटतो. त्याच नावाचा ग्रंथ इब्न अन-नदीम यांनी बगदादमध्ये हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८७ च्या सुमारास लिहिला. पुस्तकांच्या नकला आणि विक्री करणाऱ्या वर्राक लोकांपैकी ते एक. अरबी भाषेत आपल्याला माहीत असलेली सगळी पुस्तके त्यांनी दहा भागांत नोंदवली, आणि त्यात गवयांना व संगीतावरच्या पुस्तकांनाही जागा दिली. त्यातली कितीतरी पुस्तके आज जगात कुठेही नाहीत. ती होती, हे आपल्याला कळते ते केवळ या नोंदींमुळे. शाळेच्या कामातून उठून रात्री कार्डे लिहिताना त्या वर्राकाची आठवण आम्हाला धीर द्यायची.

पहिल्या सुट्टीत नाना सापडले नाहीत. दुसऱ्या सुट्टीत, मे महिन्यातल्या एका दुपारी, सापडले.

एका गवयाने आपल्या मैफलींच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यात अर्धे पान तंबोऱ्यावर होते. भोपळा कसा नीट वाळलेला होता, तबली किती पातळ होती, घोडीवर जवारी अशी काढली होती की तार छेडल्यावर गंधार आपोआप ऐकू यायचा. आमचे हात थरथरू लागले. आणि पुढे लिहिले होते, की हा तंबोरा मिरजेच्या एका मुसलमान कारागिराने करून दिला. एवढेच. नाव नव्हते. आम्ही पान तीनदा वाचले. मग पुढचे अंकही चाळले. कुठे खुलासा, दुरुस्ती, वाचकाचे पत्र? काही नव्हते.

वाचकहो, आता मनातले पाप सांगतो. हातात कार्ड होते, पेन होते. विषयाच्या ओळीत नानांचे नाव लिहिले असते, तर कुणाला कळणार होते? सर ऐंशीच्या घरात. प्रत्येक कार्ड पडताळण्याइतकी त्यांची नजर राहिली नव्हती. आणि ते खोटेही नव्हते, निदान आमच्या घरी तरी. आम्ही नाव लिहिले. अर्धा तास ते कार्ड समोर ठेवून बसलो.

संध्याकाळी न राहवून सरांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, पानावर नाही ते सूचीत नाही. आज तुम्ही खरे नाव घालाल, उद्या दुसरा कुणी खोटे घालेल. वाचणाऱ्याला फरक कसा कळायचा? आपण फक्त बोट दाखवायचे. तुम्हीच ना मला तो शब्द दिलात?"

आम्ही ते कार्ड फाडले. नवीन लिहिले: तंबोरा, वाद्यनिर्मिती, मिरज, कारागीर. अंकातली माहिती दुसऱ्याची अमानत असते. तिच्यातून काही काढायचे नाही, हे आम्हाला ठाऊक होते. तिच्यात काही घालायचेही नाही, हे त्या दिवशी शिकलो.

अवघड भाग पुढेच होता. अम्मींना काय सांगायचे? दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर त्यांच्या खाटेजवळ बसून सगळे सांगितले, लेखातला मजकूर वाचून दाखवला. तारीफ ऐकताना त्यांचा चेहरा उजळला. नाव आले नाही तेव्हा त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "पुढे वाच." आम्ही म्हणालो, "पुढे नाही, अम्मी." बराच वेळ त्या गप्प होत्या. नंतर एवढेच म्हणाल्या, "विचारलं नसेल त्यांनी. विचारलं असतं, तर अब्बांनी नाव सांगितलं नसतं का?"

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी मात्र त्यांनी आमच्या लेकीला हाक मारून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. तळाशी कापडात गुंडाळलेली एक लांबट वही होती. नानांच्या हिशेबाची. अम्मींना छापील उर्दू वाचता येते. नानांचे घाईचे, शिकस्त वळणाचे अक्षर त्यांना कधी लागले नव्हते, आणि आम्हाला ती वही दाखवावी असे त्यांच्या मनात आले नव्हते. भोपळ्यांचे पैसे, लाकडाचे पैसे, तारांचे पैसे, आणि गिऱ्हाइकांची नावे. तीन दिवस डोळे ताणल्यावर त्या गवयाचे नाव सापडले. समोर 'तंबोरा, मर्दाना', ठरलेली रक्कम, विसार आणि तारीख. लेखात त्यांनी सांगितलेल्या मैफलीच्या दोन महिने आधीची.

सरांना वही दाखवली. त्यांनी भिंग लावून पाहिली आणि हसले. "आता हे छापा. छापलेले झाले, की मग सूचीत."

लेख आमच्या लेकीने लिहिला. ती पदव्युत्तर वर्गात इतिहास शिकते. मराठी मासिकातला तो उतारा कुठे आहे, उर्दू वहीतली नोंद काय म्हणते, दोन्ही एका ठिकाणी ठेवून, वहीच्या पानाच्या छायाचित्रासह. एका संगीत त्रैमासिकाने गेल्या वर्षी तो छापला. नानांचे नाव त्यात पूर्ण आहे, म्हणून इथे पुन्हा मिरवत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. आनंदच झाला. पण गावाचे नाव राहते आणि हातांचे जाते, हेही त्या दिवशी मनात आले.

म्हणून एक विनंती. आपल्या घरांतही अशा पेट्या असतील. कुणाचे आजोबा कातारी, कुणाचे सारंगीवाले, कुणाचे छापखान्यातले खिळे जुळवणारे. वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडा. छायाचित्राच्या मागे नाव आणि साल लिहा. उर्दू वाचणारे म्हातारे माणूस घरात आहे तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या. पुढे ते लिहून कुठेतरी छापा, मग ते गावच्या शाळेचे वार्षिक का असेना. छापलेले असेल तर सूची करणारा कधीतरी पोचेल.

लेकीच्या लेखाचे कार्ड आम्हीच लिहिले, नियमाप्रमाणे. अम्मींनी ते वाचून दाखवायला सांगितले. लेखक, शीर्षक, वर्ष, अंक, पृष्ठे, आणि विषयाच्या ओळीत नानांचे नाव.

"आता हे कुणालाही सापडेल?" त्यांनी विचारले.

"नाव ठाऊक असेल त्याला सापडेल."

"आणि नाव ठाऊक नसेल त्याला?"

आम्ही कार्डावरची पुढची ओळ वाचली: तंबोरा, वाद्यनिर्मिती, मिरज, कारागीर.

"त्यालाही सापडेल, अम्मी."