पुंगळ्यांचा डबा

20 डिसेंबर 2024, शुक्रवार
सुट्टीची गर्दी सुरू झाली. दिवेआगरला जाणाऱ्या गाड्या दिवसभर बोर्लीच्या बाजारपेठेतून जात होत्या. रात्री साडेअकराला तीन बुलेट गेल्या, तिन्हींना फटाका सायलेन्सर. शेजारच्या आजींना हार्टचा त्रास आहे. त्या दचकून उठल्या आणि ओट्यावर येऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाल्या, "बाबा, हे असलं तुमच्याकडेच करून देतात ना रे?" या तीन गाड्या माझ्या हातच्या नव्हत्या. पण गावातल्या काही आहेत. मला बोलता आलं नाही.

21 डिसेंबर, शनिवार
गॅरेजच्या बाकाखालून ऑइलचा जुना डबा ओढून काढला. आत सात पुंगळ्या. सायलेन्सरच्या तोंडातून कापून काढलेल्या भोकाभोकांच्या नळ्या. कुणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीला तारेने गाडीचा नंबर बांधून ठेवलेला. एक हातात घेतली. वीतभर लांब, काजळीने काळी, भोकांच्या कडा अजून बोटाला लागतात. इंजिनातला गॅस दर स्फोटाबरोबर दाबाचा एक धक्का घेऊन बाहेर पडतो. सायलेन्सरचे कप्पे आणि ही भोकं त्या धक्क्याला पसरायला, आपटायला, विरायला जागा देतात. पुंगळी काढली की धक्का थेट रस्त्यावर येतो. पोरं म्हणतात, पिकअप वाढतो. वाढतो तो आवाज.

22 डिसेंबर, रविवार
मेहुणा माणगावला वकिली करतो. तो जेवायला आला होता. त्याला म्हटलं, नेमका कायदा काय ते मला वाचून दाखव. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 120: प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा आणि गाडी आवाजाच्या मानकात बसेल अशी बनवलेली आणि राखलेली हवी. दुचाकीचं मानक 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 175 सीसीपर्यंत 77, त्यापुढे 80.
'राखलेली' या शब्दावर मी त्याला थांबवलं. म्हणजे हौस म्हणून पुंगळी काढणाराच नव्हे, गंजून भोक पडलेला सायलेन्सर घेऊन फिरणाराही यात आला. आमच्या किनाऱ्यावर तर अशा गाड्या पावलोपावली. बाहेरून खारं वारं खातं, आतून पाणी. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. गाडी घर ते बाजार एवढीच फिरली तर सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून सडत जातो.

24 डिसेंबर, मंगळवार
एक मुलगा घाबरून आला. गाडी कंपनीची जशीच्या तशी, पण मोबाइलच्या अ‍ॅपवर 97 डेसिबल दिसले म्हणून. फोन कुठे धरला होता विचारलं, तर सायलेन्सरच्या तोंडाशी. टेप घेऊन अंगणात 7.5 मीटर मोजले, कारण नियमातल्या चाचणीत मायक्रोफोन धावत्या गाडीच्या मार्गापासून तेवढाच लांब असतो. थ्रॉटल तेवढाच ठेवला, आकडा 76 वर आला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबल उतरतो. मानकातला आकडा मात्र चाचणीच्या मैदानाचा आहे, तोही विशिष्ट वेगाने येऊन पूर्ण थ्रॉटल देताना घेतलेला. आमची मापं त्याच्या जवळपासही नाहीत. पीयूसीच्या तपासणीत तर आवाज मोजतच नाहीत. मुलाला सांगितलं, तू आकडा बघू नकोस, सायलेन्सर बघ. आहे तसा, शाबूत आहे ना? मग निर्धास्त जा.

26 डिसेंबर, गुरुवार
मुंबईचे दोघे आले, नवा चकचकीत सायलेन्सर बसवायला. बिल होतं, जीएसटी भरलेला. "बेकायदा असता तर दुकानात मिळाला असता का, दादा?" खोक्यावरच छापलं होतं की सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही. त्यांना ते वाचून दाखवलं. वस्तू विकत मिळते म्हणून ती रस्त्यावर चालते असं नाही.
मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, जुना सडला म्हणून त्याच जातीचा, आवाज तेवढाच ठेवणारा दुसरा बसवला तर तो बदल नव्हे, दुरुस्ती. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अडवतं ते गाडीच्या मूळ स्वरूपातल्या बदलाला. परवानगीशिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला कलम 182अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाजाचं मानक मोडून गाडी चालवली तर कलम 190(2): पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 10000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.
दोघे सायलेन्सर परत घेऊन गेले. मजुरी बुडाली, पण मन हलकं झालं.
रात्री मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. 182अ मधली ती शिक्षा मालकाला आहे. मालकाने सांगितलं हे खरं, पण ग्राइंडर माझ्या हातात होता.

28 डिसेंबर, शनिवार
डब्यातल्या सातही नंबरांना फोन केले. पुंगळी फुकट बसवून देतो, या. दोघांनी गाडी विकली म्हणाले. एकाने फोन ठेवून दिला. चौघे येतो म्हणाले.

29 डिसेंबर, रविवार
चारपैकी तिघे आले. काजळी खरवडली, पुंगळ्या आत सरकवल्या, कडेला वेल्डिंगचे टाके मारले. तिसऱ्याने गाडी चालू केली आणि जरा वेळ ऐकत उभा राहिला. "काका, आता टॅपेटचा आवाज येतो." मी म्हटलं, तो आधीपासून येत होता. आणून टाक गाडी उद्या, व्हॉल्व्हचा क्लिअरन्स बघून देतो.

31 डिसेंबर, मंगळवार
दारावर पाटी रंगवली: 'गंजलेला सायलेन्सर वेल्डिंग करून मिळेल. पुंगळी काढून मिळणार नाही.' संध्याकाळी आजींकडे गेलो आणि त्यांच्या परवाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. हो आजी, मीच करून देत होतो. सातातल्या तीन परत बसवल्या. त्यांनी विचारलं, "आणि बाकीच्या चार?"
डबा परत बाकाखाली ठेवलेला नाही. बाकावर, समोरच ठेवला आहे.