सांगावा कुणी न्यायचा?

औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला की अग्निशमन दलाला फोन जातो. तासाभरात आणखी एक फोन जातो, तो शेजारच्या वस्तीतल्या कार्यकर्त्याला. पलीकडे कधी हवालदार असतो, कधी कंपनीचा एचआर. भाषा एकच असते. "ताई, तुमचं तिथं चांगलं वजन आहे. घरच्यांना जरा समजावून सांगा ना. आम्ही गेलो तर लोक भडकतील."

गेली आठ-नऊ वर्षं मी कामगारवस्तीत काम करते. असे फोन मला आले आहेत, आपल्यातल्या अनेकांना आले असतील. आपण विश्वासाने बोलावलं म्हणून जातोही. पण हे काम कुणाचं आहे, हा प्रश्न आपण विचारत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे काम नवं नव्हतं. गावात कुणी मेलं की मयताचा सांगावा पंचक्रोशीत पोचवायचा तो महाराने. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो. बदल्यात बलुतं, तेही मिळालं तर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच वेठीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. वतन गेलं, पण दुसऱ्याच्या दारी मरणाची बातमी आपणच न्यावी ही अपेक्षा गेली नाही. आता ती 'समाजात वजन आहे' अशा गोड शब्दांत येते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रासायनिक कारखान्यात दुपारी स्फोट झाला. आमच्या वस्तीतला एक तरुण हेल्पर त्यात गेला. कंपनीला ते चार वाजताच कळलं होतं. घरी मात्र मुकादमाचा माणूस येऊन सांगून गेला, "थोडं भाजलंय, दवाखान्यात नेलंय." बायकोने पिशवी भरली. धुतलेला सदरा, टॉवेल, चटणी-भाकरी, आधार कार्ड. सासू म्हणाली, मऊ भातही घे, भाजल्यावर तोंडाला चव नसते. साडेपाचला मला एचआरचा फोन आला, नेहमीचाच. मी म्हटलं, मी त्या घरी जातेच आहे. पण बातमी तुम्ही सांगायची. तुम्ही या, आणि ज्याच्या सहीने कारखाना चालतो त्यालाही घेऊन या. मी घरच्यांच्या बाजूला बसेन.

ते आले, सात वाजता. गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवली. व्यवस्थापकाच्या हातात कागद होता. तो म्हणाला, "तुमच्या मुलाचा अपघातात मृत्यू झाला." आई पहिल्यांदा रडली नाही. तिने विचारलं, "कुणाच्या मुलाचा? नाव सांगा." त्याने कागदात पाहिलं. कंत्राटदाराच्या यादीत फक्त घरात हाक मारायचं नाव होतं, आडनाव नव्हतं. तीन वर्षं त्या गेटमधून आत गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव त्याच्या आईने व्यवस्थापकाला सांगितलं. मग ती रडली.

कुणी भडकलं नाही. दगड आला नाही. शेजारच्या बाईने त्या साहेबाला पाणीसुद्धा दिलं. लोक भडकतात ते बातमीने नव्हे, तीन तास लपवलेल्या बातमीने भडकतात. पिशवी भरून दवाखान्यात जायचं, खाटा शोधायच्या आणि शेवटी वॉर्डबॉयने शवागाराकडे बोट दाखवायचं, यापेक्षा दारात उभं राहून 'मृत्यू झाला' असं स्पष्ट सांगणं कमी क्रूर आहे. 'सिरियस आहे' हा शब्द घरच्यांना धीर देण्यासाठी वापरतात असं म्हणतात. माझ्या अनुभवात तो सांगणाऱ्याची सुटका करण्यासाठी असतो.

साहेब लोक स्वतः का येत नाहीत? भीती असते, लाजही असेल. पण मोठं कारण वकिली आहे. काही बोललात तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असा सल्ला त्यांना मिळतो. या गप्प बसण्याची किंमत काय असते ते भोपाळने दाखवलं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हजारो माणसं डोळे चोळत, खोकत दवाखान्यांत पोचली, तेव्हा डॉक्टरांना हा वायू कोणता आणि त्यावर उपचार काय हे ठाऊक नव्हतं. कंपनीच्या बाजूने सांगितलं गेलं की हा अश्रुधुरासारखा झोंबणारा वायू आहे, जीवघेणा नाही. मृतदेहांची रांग लागलेली असताना हे सांगितलं गेलं. वाईट बातमी वेळेवर आणि खरी सांगणं ही सभ्यतेची बाब तर आहेच, पण तिथे तो जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

मग यादीचा प्रश्न. डोंबिवलीत २०१६ मध्ये स्फोट झाला, पुन्हा २३ मे २०२४ ला झाला. दुसऱ्या वेळी अनेक मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते आणि नातेवाइकांना डीएनए चाचणीची वाट बघावी लागली. अशा वेळी 'बेपत्ता' आणि 'मृत' या दोन शब्दांमध्ये घर लोंबकळत राहतं. तिथे खोटी आशाही द्यायची नाही आणि घाईने मारूनही टाकायचं नाही. आत किती माणसं होती, किती सापडली, तुमचा माणूस अजून कुठल्याच यादीत नाही, पुढची माहिती किती वाजता आणि कोण देईल, एवढं तरी सांगता येतं. नवीन काही नसलं तरी ठरलेल्या वेळी येऊन 'नवीन काही नाही' असं सांगायचं असतं. आणि रक्त कुणाचं लागणार, हेही. बायकोच्या रक्ताने नवऱ्याची ओळख पटत नाही, आई-वडील किंवा पोटचं मूल लागतं. हे नीट न सांगितल्याने बायका बाहेर ताटकळत बसतात आणि आई तिकडे बीडला किंवा बिहारमध्ये असते. पण हे सगळं सांगायचं तर आधी आत कोण होतं ते माहीत हवं. कंत्राटदाराची हजेरी म्हणजे 'आज अकरा माणसं', एवढीच असेल तर सांगणार कुणाला?

बातमीच्या मागोमाग पाकीट येतं. इथे आपल्या पोरांनी कायदा पाठ करावा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात, जो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, बाबासाहेबांच्या पिढीपासून एक चांगली तरतूद होती. मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात द्यायची नाही, आयुक्ताकडे जमा करायची. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम तेवढी देता येत असे. हक्क सोडल्याचा करार त्या कायद्याने रद्दच ठरतो. म्हणजे तेराव्याच्या आत स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या अंगठ्याला फारसा अर्थ नाही. पण दुःखात बसलेल्या बाईला हे सांगणार कोण? ज्याने बातमी आणली त्याच्यावरच ती विश्वास ठेवते. म्हणून तर मालकाला निरोप्या म्हणून आपला माणूस हवा असतो. सांगावा नेणारा उद्या पाकीटही नेतो, परवा सही घ्यायलाही तोच जातो. वस्तीत ज्यांचं नाव खराब झालं ते असेच झाले.

कामगारांचं काय? त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टची माणसं गेटवर आली तेव्हा त्यांना फक्त सांगितलं, आज सुट्टी, आणि पत्रकारांशी बोलायचं नाही. सोबत डबा खाणारा मित्र मेला हे त्यांना व्हॉट्सअॅपवरच्या व्हिडिओतून कळलं. अनेक राज्यांच्या कारखाना नियमांत मृत्यूची खबर निरीक्षक आणि पोलिसांबरोबर नातेवाइकांनाही देणं व्यवस्थापकाचं काम आहे. पण सोबतच्या कामगाराला सांगणं कुणाच्या खातीच नाही. त्याला तर उद्या त्याच रिॲक्टरजवळ उभं राहायचं आहे. काय फुटलं, का फुटलं, बाकीची यंत्रं तपासली का, हे विचारण्याचा पहिला हक्क त्याचा.

आपल्या माणसांबद्दलही एक बोलते. सांत्वनाला आलेले उपासक किसा गोतमीची गोष्ट सांगतात. मोहरीचे दाणे, मरण न पाहिलेलं घर, सगळं अनित्य. गोष्ट मलाही प्रिय आहे. पण ती पहिल्या रात्री, व्यवस्थापक समोर बसलेला असताना सांगू नका. नादुरुस्त झडप अनित्यतेच्या सिद्धांतात बसत नाही. मरण प्रत्येक घरात आहे, पण कारखान्यातलं मरण प्रत्येक घरात नाही. ते कुठल्या घरांत आहे, याचा नकाशा काढला तर आपल्या वस्त्या ठळक दिसतील.

आमच्या गटात यावर भांडण आहे. एक सहकारी म्हणतो, जायचंच नाही, मालकाला त्याचं काम करू दे. मला ते पटत नाही, कारण आपण गेलो नाही तर घरच्यांना फेसबुकवरून कळेल. मी जाते, पण तीन अटींवर. सांगणारा कंपनीचा जबाबदार माणूस असेल, तो नाव विचारून येईल आणि त्या रात्री कुठल्याही कागदावर सही मागितली जाणार नाही. या अटी आम्ही वसाहतीतल्या कारखान्यांना लेखी पाठवल्या आहेत, सोबत प्रत्येक कंत्राटी कामगाराचं पूर्ण नाव आणि घरचा फोन गेटवर ठेवण्याची मागणीही. दोन कंपन्यांनी पोच दिली. एकीने उलट विचारलं की तुमच्या संस्थेची नोंदणी आहे का. नोंदणीचा कागद आम्ही त्याच दिवशी जोडून दिला, आता तिच्या उत्तराची वाट बघतो आहोत.