पाच लाख रुपये, डावा गुडघा आणि ५८ किलोमीटर

तालुक्याच्या पत्रकारानं गाडी घेतली की गावात चर्चा होणारच. कुठल्या पुढाऱ्यानं दिली, कुणाच्या जाहिरातीतून आली, निवडणुकीचं पाकीट किती जाड होतं. परवा चहाच्या टपरीवर एकानं हसत हसत विचारलंच. म्हणून म्हणलं, हिशेब इथंच मांडावा. ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांच्या कामाला येईल, बाकीच्यांचं शंकानिरसन होईल.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमच्या ग्रामीण रुग्णालयात ते यंत्र नाही. जिल्ह्याचं ठिकाण ५८ किलोमीटर, मधे बालाघाटाचा घाट. सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, जिल्हा रुग्णालयांत यंत्रं बसली. राज्य सरकारनं ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत केली. आईला ७८ चालू आहे, म्हणजे उपचाराचा आणि तिकिटाचा प्रश्न कागदावर सुटलेला आहे. पण चार तास मशीनवर पडून, बीपी खाली गेलेलं असताना, बसस्थानकाच्या बाकड्यावर दीड तास गाडीची वाट बघायची आणि मग घाटातून उभं राहून यायचं, हे कुठल्या योजनेत बसत नाही. पहिले दोन महिने भाड्याची गाडी केली. एका फेरीला दोन हजार. महिन्याच्या तेरा फेऱ्या. माझं मानधन किती ते विचारू नका.

आता ऑटोमॅटिकच का? हौस म्हणून नाही. २०१६ च्या दुष्काळात टँकरच्या बातमीला जाताना मोटारसायकल घसरली आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन टाळत आलो. आज क्लच पन्नासदा दाबला की रात्री पाय उशीवर ठेवून झोपावं लागतं. घाटात शंभरदा दाबावा लागतो.

आणि डिझेलच का? इथं हिशेब करा, भावनेवर जाऊ नका. जाऊन-येऊन ११६ किलोमीटर, तेरा फेऱ्या, म्हणजे महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर. पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला १५ धरली तर १०० लिटर, १०५ च्या भावानं साडेदहा हजार. डिझेल २० धरली तर ७५ लिटर, ९१ च्या भावानं पावणेसात हजारांच्या आसपास. महिन्याला साडेतीन हजारांवर फरक. सीएनजीचा पंप आमच्या तालुक्यात नाही. ज्याचं फिरणं महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर आहे त्यानं मात्र जुन्या डिझेलच्या नादी लागू नये. इंजेक्टर किंवा टर्बोचा एकच खर्च दोन वर्षांची बचत खाऊन टाकतो. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. नुसतं बाजार-शाळा-बाजार केलं तर ती तुंबते.

बजेट पाच लाख. दोन लाख साठवलेले, पन्नास हजार बायकोच्या बचत गटातून, अडीच लाख पतसंस्थेचं कर्ज. पतसंस्थेचा चेअरमन कोण, हे गावाला माहीत आहे. माझे हप्ते कुणीही जाऊन बघावेत.

ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या सारख्या नसतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. व्हर्ना, क्रेटासारख्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो. चालवायला मऊ, टिकाऊ, पण गाडी महाग आणि डिझेल थोडं जास्त पिते. २०१८ च्या अमेझमध्ये डिझेलला सीव्हीटी आली. काही युरोपीय गाड्यांत दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे, पळायला वाघ, पण तालुक्याच्या गावात तो उघडणारा माणूस नाही. आणि आपल्या खिशातली म्हणजे एएमटी. २०१४ ची टाटा झेस्ट, नंतरची डिझायर, ब्रेझा, नेक्सॉन यांच्या डिझेलमध्ये ती मिळते. आमच्या गॅरेजचा मामू त्याचं एका वाक्यात सांगतो, "साहेब, क्लच हायच. फक्त पाय तुमचा नाय." म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम यंत्र करतं. त्यामुळं ॲव्हरेज मॅन्युअलइतकंच पडतं. पण क्लचप्लेट घासतेच, आणि चढावर ॲक्सिलेटरवर गाडी रोखून धरली तर फार लवकर जाते.

तीन गाड्यांची गोष्ट सांगतो.

पहिली जिल्ह्याच्या एका डीलरकडं. २०१५ ची मोठी डिझेल ऑटोमॅटिक सेडान, दिल्ली पासिंग, ६१ हजार किलोमीटर, तीन लाख नव्वद. बसल्यावर उतरू वाटेना. दिल्लीच्या गाड्या एवढ्या स्वस्त का, हे ठाऊक असेलच. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. गेल्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर डिझेलच द्यायचं नाही असा हुकूम निघाला, तो काही दिवसांत थांबवावा लागला. न्यायालयात वळणं येतायत, पण मालक घाबरलेत आणि गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडं येतायत. हे कायदेशीर आहे, आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. मात्र एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हा खर्च डीलर बोलताना धरत नाही.

मी बातमीदार. कागद मागायची सवय. गाडीच्या नंबरवर कंपनीच्या वर्कशॉपमधली जुनी सर्व्हिस नोंद काढली. २०२१ मध्येच गाडी १ लाख १८ हजार पळाली होती. मीटरवर ६१. डीलरच्या पोराला दाखवलं तर म्हणाला, "दादा, सगळेच करतात. तुम्हाला गाडी आवडली का नाही ते सांगा." खरं सांगतो, मोह तरीही सुटत नव्हता. गाडी तशी दणकट होती. पण परतीच्या एसटीत एक गोष्ट डोक्यातून जाईना. जो धूर दिल्लीच्या लेकरांना चालत नाही, तो आमच्या गल्लीत काय उदबत्तीचा होतो काय? आणि याच विषयावर मी दोन वर्षांपूर्वी अग्रलेखवजा काहीतरी लिहिलं होतं.

दुसरी गाडी पश्चिम महाराष्ट्रातली, २०१८ ची, एएमटी, चार लाख दहा. आत नवीन सीटकव्हर, अत्तराचा वास. मामूनं सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. रोज जेवढा पट्टा बाहेर येतो तेवढा स्वच्छ, त्यापुढं तांबूस चिखलाची रेघ. मग मागच्या डिकीतलं स्टेपनीचं झाकण काढलं, खाली गंज. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आठवा, २०२१ चं चिपळूण आठवा. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठंतरी विकल्या जातात, आणि ते कुठंतरी म्हणजे आपण. या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात जे पाणी आलं, त्यातल्या गाड्याही बाजारात येणार. सीटबेल्ट ओढून बघा. फुकटची तपासणी आहे.

तिसरी आमच्याच तालुक्यातली. निवृत्त गुरुजींची २०१८ ची डिझायर, डिझेल एएमटी, ८४ हजार किलोमीटर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, रात्री दिसत नाही, मुलगा पुण्याला. आधी पाच चाळीस म्हणत होते. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीन गाड्या उतरल्या, तसे जुन्यांचेही भाव हलले. ती फियाटच्या १.३ मल्टिजेटवाली. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण हे इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलंय की आमच्या मामूसारख्यांना ते तोंडपाठ आहे.

मामूनं सांगितलं तसं सकाळी सहाला गेलो, इंजिन थंड असताना. एका किल्लीत चालू, धूर नाही. ऑईलचं झाकण उघडून बघितलं, आतून धुराचा झोत नाही. टायरवरच्या चार आकड्यांवरून टायर कुठल्या आठवड्यातले, कुठल्या वर्षातले ते बघितलं, दोन जुने निघाले. मग गाडी घाटात नेली, अर्ध्या चढावर थांबवली, पुन्हा उचलली. उचलताना थरथरली. क्लच अर्ध्यावर आलाय, मामू म्हणाला. हे गुरुजींना तसंच सांगितलं. गुरुजी जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं रे. काय खर्च येईल तो वजा कर." चार पंच्याऐंशीला व्यवहार झाला.

कागदाचं थोडक्यात. कर्जाचा बोजा उतरल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, बाकी असलेले ई-चलान, नवी नंबरप्लेट. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. विकणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. गाडी कागदोपत्री तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या दारात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलंय. सह्या करून कोरे फॉर्म एजंटाला देऊ नका.

आता चार आठवडे झाले. ॲव्हरेज एकवीस पडतंय. गुडघा शांत आहे. आई मागच्या सीटवर आडवी होऊन येते. पहिल्या दिवशी म्हणाली, "लेका, एवढे पैसे माझ्यापायी घातलेस." मी म्हणलं, "आई, तुझ्यापायी नाही, घाटापायी."

दुसऱ्या आठवड्यापासून शेजारच्या वाडीचे एक काका सोबत असतात. त्यांचाही नंबर त्याच दिवशी असतो. ते पहाटे साडेपाचच्या एसटीनं जायचे आणि अंधार पडल्यावर घरी पोचायचे. डिझेलचे पैसे देऊ करतात, मी घेत नाही. पण माझी गाडी पंक्चर झाली की आम्ही तिघंही पुन्हा बसस्थानकाच्या बाकड्यावर. तालुक्यातले डायलिसिसचे बाकीचे पेशंट तर रोजच तिथं असतात.

ग्रामीण रुग्णालयात दोन डायलिसिस यंत्रं बसली असती तर मला ही गाडी लागली नसती. टपरीवर विचारणाऱ्यांना माझी विनंती आहे. पत्रकारानं गाडी कशी घेतली हे जरूर विचारा, उत्तर वर दिलंय. त्यानंतर आमदारांना, जिल्हा परिषदेला, आरोग्य उपसंचालकांना एवढंच विचारा, की यंत्र कधी बसवताय. अर्ज मी लिहिलाय. सोमवारी अकरा वाजता तहसीलला देणार आहे. सह्यांना या.