होकार मालकाचाच हवा

वाशिंद, रात्री उशिरा.

आज एआय एजंटसाठीच्या एका साधनाचं वर्णन लिहिलं. गूगल ॲनालिटिक्समध्ये ‘मेजरमेंट प्रोटोकॉल’ची गुप्त किल्ली बनवण्याआधी संकेतस्थळाच्या मालकाला कबुली द्यावी लागते: वापरकर्त्यांना पुरेशी कल्पना दिली आहे, त्यांची माहिती गोळा करण्याचा हक्क माझ्याकडे आहे. या साधनातून ठरलेलं वाक्य जसंच्या तसं पाठवलं की झालं. एजंट ते क्षणात पाठवेल. पण कसारा लोकलमध्ये उभ्यानं मोबाइल चाळणाऱ्या बाईला कुणी खरंच विचारलं होतं का, हे त्याला कुठून कळणार?

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीतूनही वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून वर्णनाच्या सुरुवातीलाच लिहिलं: मालकाला वाक्य पूर्ण दाखवा, त्याने स्पष्ट होकार दिल्याशिवाय हे साधन चालवू नका. वर्णन लांबलं. लांबू दे. एजंट साधन निवडतो ते हेच वाचून. इथे गाळलेली अट त्याला दुसरीकडे सापडेलच असं नाही. उद्या नकार आल्यावर काय करायचं, तेही लिहायचं आहे.