झाडाखालचा गुत्ता

ताडीच्या दुकानाची पायरी मी पहिल्यांदा चढलो ती आजीच्या हुकमाने. वसई स्टेशनपासून समुद्राकडच्या आमच्या पट्ट्यात ख्रिस्ती घरात लग्न निघालं की फुग्यांचं पीठ भिजायचं, आणि ते फुगवायला ताडी लागायची. यीस्टचं पाकीट तेव्हा घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. हातात कडीचा डबा, मुठीत सुटे पैसे आणि पाठीमागून आजीचा आवाज, "ताजीच घे रे, आणि वाटेत तोंड लावू नकोस."

दुकान म्हणजे झापांचा आडोसा, एक बाकडं, दोन रांजण आणि भरपूर माश्या. आंबूस, गोडसर, ओल्या लाकडासारखा वास. बाकड्यावर बसलेली माणसं फार बोलत नसत. आडोशाच्या खांबाला एक काचेची चौकट टांगलेली, तिच्यात परवाना आणि परवान्यावर मालकाचं नाव. डब्यात ताडी ओतून देणारा तो मालक नव्हता. मागच्या ताडावरून तुंबा कमरेला लावून उतरणाराही नव्हता. चौकटीतला माणूस मी कधीच पाहिला नाही. गावातही फारशा कुणी पाहिलेला नसावा.

बऱ्याच वर्षांनी 'गुत्ता' या शब्दाशी गाठ पडली, तेव्हा ती चौकट आठवली. दारूच्या दुकानाला आपण गुत्ता म्हणतो, पण शब्द आला कानडीच्या बाजूने आणि त्याचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणाऱ्याला आजही गुत्तेदार म्हणतात. त्यात कुणाला दारूचा वास येत नाही. विलायतेतल्या खेड्यात अशा जागेला 'पब्लिक हाउस' म्हणतात, म्हणजे लोकांचं घर. आपल्याकडे लोकांचा उल्लेखच नाही. कुणीतरी कुणाकडून तरी मक्ता घेतला आहे, एवढंच त्या नावात आहे. इतकं प्रामाणिक नाव दुसऱ्या कुठल्या दुकानाला क्वचितच असेल.

मक्त्याच्या आधी झाड. माडाची ती माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. तिन्हींना एकच नाव देणारा माणूस आमच्याकडचा नव्हे, हे लगेच कळतं. माडाची पोय उमलण्याआधीच करकचून बांधायची, कोयत्याने तिच्या टोकाचा पातळ काप घ्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. रस थेंबाथेंबाने ठिबकतो. टोक सुकू नये म्हणून काप पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, कागदाइतका पातळ. जाड घेतला तर पोय लवकर संपते, आणि घेतलाच नाही तर रस आटतो. हे सगळं जमिनीपासून कित्येक हात वर, एका दोराच्या आधाराने, पहाटेच्या काळोखात. मडक्याला आतून चुना फासला असेल तर सकाळी उतरते ती नीरा. चुना नसेल तर हवेतलं यीस्ट आपलं काम वरच सुरू करतं. सकाळची ताडी गोड, दुपारची चढणारी, आणि संध्याकाळची फक्त सवयीच्या माणसाने प्यावी अशी. शिळी ठेवून भाव वाढवता येत नाही असं हे मद्य. द्राक्षाच्या दारूसारखे तळघराचे लाड त्याच्या नशिबी नाहीत.

हे काम भंडाऱ्यांचं. पोर्तुगीज वसईत आले 1534 मध्ये, तेव्हाही ते झाडावरच होते. मुंबई बेट तेव्हा वसईच्या अमलाखाली होतं (हे सांगताना वसईकराचा आवाज किंचित चढतो, तेवढं चालवून घ्यावं). ते बेट भाडेपट्ट्याने घेणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाबद्दल मन लावून लिहिलं आहे. काही माड फळासाठी राखतात आणि काही 'सुरे'साठी, आणि सुरा उकळून जी दारू काढतात तिला 'उर्राक' म्हणतात, अशी त्याची नोंद. सुरा आणि उर्राक हे दोन्ही शब्द गोव्यात अजून ओठांवर आहेत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यावरचं निशाण बदललं, माडावरचं मडकं तिथेच राहिलं.

खरा बदल झाला तो इंग्रजांच्या कारकुनीने. मुंबई सरकारचा अबकारी कायदा 1878 चा. त्याच्यामागे चार्ल्स प्रिचर्ड नावाचा साहेब होता, मीठ आणि अबकारी अशी दोन्ही खाती सांभाळणारा. आमच्या तालुक्यात मिठागरंही होती आणि ताडही, म्हणजे समुद्रातून येणारं आणि आभाळातून ठिबकणारं असं दोन्ही एकाच साहेबाच्या वहीत जाऊन बसलं. रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला. झाडं मोजली गेली, त्यांच्यावर आकडे पडले. झाडाच्या बुंध्याशी बसून ताडी विकायची, तर त्यासाठीही निराळा परवाना. माड ज्याच्या वाडीत उभा तो त्याचा धनी, चढणारा त्याचा जाणकार. पण पहिल्या थेंबावर हक्क सरकारचा. झाडाखालच्या दुकानाचा कायमचा मालक त्या वर्षी ठरला असं मला वाटतं. पुढे आलेले सगळे त्याचे कुळवाडी.

या कुळवाड्यांत पारशी पुष्कळ होते, आणि त्यांनी ते लपवलं नाही. आडनावंच लावली: दारूवाला, ताडीवाला, पीठावाला. 'पिठा' म्हणजे दारूचं दुकान; गव्हाचा इथे संबंध नाही. पारशी घरातला भाखराही ताडीवरच फुगायचा, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघराशी आमचं नातं थेट जुळतं. मात्र जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत या दुकानांचा इतिहास भाखऱ्याइतका गोड नाही. दारू उधार मिळायची आणि फेड जमिनीने व्हायची. वारल्यांच्या जमिनी अशा गेल्या. घेणारा पारशी होता की वाणी की आपलाच मराठी माणूस, याने वारल्याला फरक पडला नाही. त्याच्या घरामागे मोहाचं झाड होतं; त्याची फुलं वेचून तो स्वतःपुरती गाळायचा. 1892 च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती फुलं साठवण्यावरच बंधन आलं. झाडाखाली पडलेलं फूल उचलून घरी नेणं हा गुन्हा! प्यायची तर दुकानातली प्या, असा त्याचा सरळ अर्थ. दारू वाईट म्हणून हे केलं असतं तर एक वेळ समजलं असतं.

मग दारूबंदी आली. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबईत ती पहिल्यांदा आणणारे अबकारी मंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः पारशी. त्यांच्या जातभाईंनी त्यांना काय काय ऐकवलं असेल! महायुद्धात मंत्रिमंडळ गेलं आणि तो प्रयोग विरला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा कायदा झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी लागू झाली. 6 एप्रिल म्हणजे गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तो दिवस. प्रिचर्डच्या वहीतली मीठ आणि ताडी अशी पुन्हा शेजारी आली.

चौकट उतरली, बाकडं मात्र आत गेलं. घराच्या मागच्या खोलीत, पडद्याआड. मालकाच्या जागी आता बाई आली, आणि मुंबईभर तिला एकच नाव मिळालं: आंटी. काळा गूळ, नवसागर, पहिल्या धारेची, नवटाक, पावशेर हा सगळा शब्दसंग्रह तिच्या काळात घरोघर झाला. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले. नवरा गेल्यावर चार पोरांची फी तिने कशी भरली, हा विनोदाचा विषय नव्हता म्हणून राहून गेला. तिचं मला कौतुक आहे, तिच्या मालाचं नाही. गावठी पिऊन माणसं मेली आहेत. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीला शंभरावर गेली.

बंदी पुढे सैल झाली. 1968 च्या नियमांनी ताडीची दुकानं रीतसर आली, 1973 च्या नियमांनी देशी दारूची. मी डबा घेऊन गेलो ते दुकान त्या ताडीच्या नियमांतलं. 1949 चा कायदा मात्र कधी रद्द झाला नाही. आजही ताड तासण्याचा परवाना निघतो तो मद्यनिषेधाच्या कायद्याखाली, आणि पिणाऱ्याने खिशात पिण्याचा परवाना ठेवावा अशीही त्यात अपेक्षा आहे. बाकड्यावरच्या एकाच्याही खिशात तो मी पाहिला नाही.

2009 मध्ये वसईत महापालिका आली. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. माड अजून पुष्कळ आहेत, चढणारे राहिले नाहीत. भंडाऱ्याचा मुलगा पहाटे उठतो, पण विरारची लोकल पकडायला, आणि तो चढला नाही म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. मीही नाही चढलो. मग क्लोरल हायड्रेटची पूड पाण्यात कालवून 'ताडी' विकण्याचे प्रकार राज्यात ठिकठिकाणी पकडले जातात. झाड नको, पोय नको, कोयता नको. मक्ता तेवढा शिल्लक.

ते दुकान आता नाही. जागेवर मोबाइल दुरुस्तीचा गाळा आहे. मागचा ताड उभा आहे, बुंध्यावर आकडा मात्र दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात घरात लग्न झालं, फुगे केले ते यीस्टचं पाकीट फोडून. फुगले बरे, पण आजीने ते परत पाठवले असते.