चौकटीवरची रेघ

दिवाळी तोंडावर आली की गल्लीत रंगाऱ्यांचे राज्य सुरू होते. ज्याच्या त्याच्या अंगणात रंगाचे डबे, बांबूची शिडी आणि जुनी वर्तमानपत्रे पसरलेली असतात. ताज्या रंगाचा तो वास मला लहानपणापासून आवडतो. फराळाच्या वासाआधी दिवाळीची वर्दी देतो तो हाच! पण गेली काही वर्षे हा वास आला की आनंदाच्या पाठोपाठ एक बारीकसा संशयही मनात डोकावतो. ही भिंत सणासाठी रंगवली आहे, की काही झाकण्यासाठी? असा संशयी स्वभाव माझा मूळचा नव्हे. तो मी विकत घेतला. सांगलीला, २०१२ साली, एका घरासोबत.

घर नदीपासून फार लांब नव्हते. पुढे अंगण, मागे परस, परसात पारिजातक. मालक वयस्कर होते आणि बोलायला मोठे गोड. वैशाखाचे दिवस होते. भिंती नुकत्याच डिस्टेंपर दिलेल्या, पिवळ्याधमक. आतल्या खोलीत भिंतीला टेकून एक भलेमोठे सागवानी कपाट उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, हे कपाट आता कुठं हलवू? राहू द्या तुम्हालाच." त्यांच्या या औदार्याने मी इतका भारावून गेलो की घासाघीस करायची होती तीही विसरलो.

आषाढात त्या औदार्याचा उलगडा झाला. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आली. चौघांनी मिळून कपाट पुढे ओढले, तर मागची भिंत जमिनीपासून कमरेइतकी ओलीचिंब! गिलावा फुगलेला, त्यावर लोण्याची पांढरी पूड. हात लावला की पोपडा हातात येई. भिंतीपलीकडे न्हाणीघर होते, आणि त्याचा आत पुरलेला नळ कित्येक वर्षे झिरपत असला पाहिजे.

मी तडक त्यांच्याकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं नाहीत." ही दोन वाक्ये आम्ही चढत्या आवाजात निदान दहा वेळा एकमेकांना ऐकवली. जुन्या घरांच्या व्यवहारातली बहुतेक भांडणे, मला वाटते, या दोन वाक्यांतच मावतात.

मग माझ्या एका वकील मित्राने मला घरे पाहायला शिकवले. अर्थात घर घेऊन झाल्यावर! तो म्हणाला, "घर बघायचं तर भर पावसात बघावं. उन्हाळ्यात सगळीच घरं सज्जन असतात." चार भिंती जुन्या आणि एकच नवी रंगवलेली दिसली, तर त्या एकीकडेच पाहावे. कपाट, कॅलेंडर, देवादिकांच्या तसबिरी यांच्या मागे डोकवावे. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना भिऊ नये. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि वर जाताना रुंदावणारी भेग दिसली, तर पाया खचला आहे का ते जाणत्याला विचारावे. स्लॅबवर तांबूस डाग असले आणि काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आतली सळई गंजून फुगते आहे असे समजावे. चौकटीच्या पायथ्याशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवीची ये-जा. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे. आणि हे सारे झाल्यावर कागदांची ओल तपासावी : मिळकत पत्रिकेवर कुणा बहिणीचे, पुतण्याचे नाव राहिले आहे का, घरपट्टी थकली आहे का, परसातली वाट खरोखर आपली की शेजाऱ्याच्या वहिवाटीची. भिंतीतली ओल गवंडी काढतो. कागदातली ओल काढताना दोन पिढ्या खर्ची पडतात.

कायद्याचेही त्याने सांगितले. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याचे ५५ वे कलम म्हणते की मालमत्तेतला किंवा तिच्या मालकीहक्कातला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नसेल व साधारण काळजी घेऊनही सापडण्याजोगा नसेल, तर तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. न सांगणे ही फसवणूकच. नव्या इमारतीतल्या सदनिकांना २०१६ सालच्या रेरा कायद्याचाही आधार आहे; ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरला तो पदरमोड करून दुरुस्त करावा लागतो. जुन्या घराला मात्र ते ५५ वे कलम आणि आपले दोन डोळे!

"मग माझा दावा पक्का?" मी विचारले.

तो हसला. "कपाट हलवून बघणं ही साधारण काळजी की असाधारण, यावर तारखा पडतील. तोवर तुझी मुलगी कॉलेजात जाईल."

मुलगी तेव्हा वर्षाची होती. मी एक नोटीस पाठवली, त्यांचे उत्तर आले, आणि प्रकरण तिथेच थांबले. भिंत मी माझ्या पैशाने दुरुस्त केली. ते गृहस्थ जवळच्याच गल्लीत राहत. पुढे मंडईत समोरासमोर आलो की दोघेही भाजीकडे पाहत असू. चार वर्षांनी ते वारले. मी गेलो नाही.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ ची. आम्ही आईला घेऊन वेळेवर बाहेर पडलो होतो. परतलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता, आणि प्रत्येक भिंतीवर एकाच उंचीला, पट्टीने आखावी तशी, तपकिरी रेघ होती. भिंती धुतल्या, रंगवल्या, रेघ गेली. स्वयंपाकघराच्या सागवानी चौकटीने मात्र ती सोडली नाही. त्याच चौकटीवर दर पाडव्याला आम्ही मुलीची उंची पेन्सिलीने मांडत असू. पुराची रेघ तिच्या २०१८ च्या खुणेच्या वीतभर वर होती. सौभाग्यवती त्या दोन रेघांकडे कितीतरी वेळ पाहत उभी राहिली. काही बोलली नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरले, आणि आईने सांगून टाकले, "आता मला पाठुंगळी घेऊन पळायची पाळी आणू नका." मिरज रस्त्याला एका इमारतीत जागा पाहिली, कर्ज काढले, आणि २०२३ च्या वैशाखात हे घर विकायला काढले. हो, वैशाखातच! रंगारी बोलावला. तो अनुभवी होता. म्हणाला, "मास्तर, लांबी भरून दोन हात मारतो. चौकटीला ऑइल पेंट देतो. काय बी दिसणार न्हाई."

"दे," मी म्हणालो.

त्याने चौकट घासायला पॉलिश पेपर घेतला, आणि मला एकदम ते सागवानी कपाट आठवले. मी त्या गृहस्थांना इतकी वर्षे लबाड समजत आलो होतो. आता त्यांच्या जागी उभा राहिल्यावर दिसले की लबाडी करायला फारसे काही करावेच लागत नाही. नुसते गप्प बसले की पुरते. त्यांच्यामागेही एखादे कर्ज असेल. एखादी म्हातारी आई असेल. पुराचे तर साऱ्या गावाला ठाऊक, ते काय सांगायचे, असे माझ्याही मनाने मला समजावलेच होते की!

"चौकट राहू दे," मी रंगाऱ्याला म्हणालो.

पहिले गिऱ्हाईक चौकटीपाशी थबकले, रेघ कसली ते विचारले, आणि चहा न घेता गेले. दुसऱ्यांनी फोनच घेतला नाही. घरात मला कुणी बोलले नाही, पण बँकेचा हप्ता दर महिन्याला बोलत होता. तिसरे आले ते एक तरुण जोडपे, दूरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेले. मी त्यांना आधी चौकट दाखवली, मग न्हाणीघराची दुरुस्त केलेली भिंत, मग गच्चीचा गळका कोपरा. तो तरुण गोंधळून म्हणाला, "सर, तुम्हाला घर विकायचंय ना?" त्याची बायको मात्र पेन्सिलीच्या खुणा वाचत होती. मनात धरलेल्या किमतीपेक्षा तीन लाख कमी आले. सगळे दोष खरेदीखतात लिहून घेतले. त्या तीन लाखांचे दुःख मला झाले नाही असे म्हणेन, तर तीही चौकट रंगवल्यासारखेच होईल.

पुढच्या वर्षी जुलैत, रात्री दहाच्या सुमाराला, त्या तरुणाचा फोन आला. बाहेर चार दिवस पाऊस कोसळत होता. नाव पाहताच माझ्या पोटात खड्डा पडला. भिंत पुन्हा झिरपली? नोटीस येणार?

"सर," तो म्हणाला, "नदी चढतेय म्हणतात. पुलापाशी किती फूट झालं की तुम्ही सामान हलवायचात?"

मी पलंगावर उठून बसलो. "चाळीसला पुस्तकं आणि धान्य माळ्यावर. विजेचा मेन बंद करायला विसरू नका. पंचेचाळीसची वाट बघायची नाही. मुलंमाणसं घेऊन सरळ आमच्याकडे या. जागा आहे."

पाणी त्या वेळी घरात शिरले नाही. पाडव्याला दोघे फराळाला आली. तिच्या कडेवर सहा महिन्यांचे मूल होते. चिवडा खाता खाता ती म्हणाली, "काका, सगळं घर रंगवून घेतलं. चौकट तेवढी ठेवलीय. तुमच्या मुलीच्या खुणांशेजारी याची पहिली खूण आज सकाळी केली."

तिला आणखी चकली वाढायला मी उठलो. मंडईतल्या त्या गृहस्थांकडे एकदा जायला हवे होते, असे त्या क्षणी वाटले.